अर्धविरामवाले तायडे सर

तायडे सरांशी बोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ते गप्प झाले म्हणजे त्यांचं बोलणं संपलं, असं नसतं. बोलता बोलता ते मध्येच थांबतात, उजव्या हाताचं बोट हवेत उभं धरतात आणि कॉम्यापेक्षा जास्त, पूर्णविरामापेक्षा कमी इतका वेळ समोरच्याकडे बघत राहतात. तो सेमीकोलन असतो. नवखा माणूस बिचारा त्या फटीत "बरं, येतो मग सर" म्हणून उठतो. मग सर ओरडतात, "बस खाली! मायं वाक्य कुठं संपलं?"

आमच्या शाळेत एका पंधरा ऑगस्टला सरांचं इंग्रजीत भाषण होतं. पहिल्याच वाक्यात त्यांनी सेमीकोलन घेतला. बोट वर गेलेलं पाहून पोरांना वाटलं, झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जय हिंद म्हटलं आणि जिलेबीच्या टोपल्याकडे धाव घेतली. सरांनी ते वाक्य रिकाम्या मैदानापुढे पूर्ण केलं. वर संध्याकाळी घरोघरी जाऊन पोरांना सांगितलं की अर्धी राहिलेली गोष्ट ऐकून घ्या. आमच्या घरीही आले होते. माझे वडील त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते आणि सर त्यांनाच इंग्रजीत स्वातंत्र्य समजावून सांगत होते.

वडनेर भोलजीत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे सेमीकोलन शिकवला. बाकीचं इंग्रजी त्याच्या निमित्तानं झालं. "सेमीकोलन म्हंजे सोयरीक हाय," असं ते सांगत. "दोनी घरं आपापल्या जागी खाऊनपिऊन सुखी पाह्यजेत. एक वाक्य दुसऱ्याच्या जिवावर जगत असन तं तिथी सोयरीक होत नाही. आन् अँड हा मध्यस्थ. सोयरीक जमली का मध्यस्थाले घरी पाठवाचं!" सेमीकोलनच्या पुढे कोणी 'अँड' लिहिलेलं सापडलं की ते त्या पोराला उभं करून विचारत, "काऊन बे, ह्या मध्यस्थाले अजून जेवू घालून राह्यला काय?" आम्ही इंग्रजीत कच्चेच राहिलो, पण सोयरिकी जमवण्यात आमच्या वर्गाचा हात कोणी धरणार नाही.

मी प्रकाश, त्यांचा विद्यार्थी. स्टँडजवळ माझं कृषी केंद्र आहे. सर निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी एका मोसमात ते माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव, आमचे नामाकाका, फवारणी लागून आजारी पडले होते आणि शेती दुसऱ्याला करायला दिली होती. सरांनी लग्न केलेलं नव्हतं, काकू आधीच गेल्या होत्या. दोघं भाऊच घरात. मला वाटलं, बसू दे बिचाऱ्यांना चार घटका. मी खुर्ची दिली. ती खुर्ची हीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागात पडलेली वस्तू.

कारण दिवस फवारणीचे होते. बीटी कपाशी नवी नवी आली तेव्हा गावात लोक बोलत होते की आता पंप माळ्यावर टाका, अळीची कटकट मिटली. काही वर्षं तसं वाटलंही. मग तुडतुडे आले, पांढरी माशी आली आणि शेवटी ज्या अळीसाठी बीटी आणली तीच गुलाबी होऊन बोंडात जाऊन बसली. माळ्यावरचे पंप खाली आले. माझ्या दुकानातल्या फळ्या बियाण्यांच्या पाकिटांपेक्षा औषधांच्या बाटल्यांनी भरल्या. प्रत्येक बाटलीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. कोणी वाचत नाही. मीही कधी वाचला नव्हता.

सरांनी वाचला. त्यातलं इंग्रजी वाचलं आणि त्यांचा चेहरा दहावीचे पेपर तपासताना व्हायचा तसा झाला. "मास्क लावा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, नोझल तोंडानं फुंकू नका." सगळीकडे नुसते कॉमे! तीन पुरी वाक्यं आणि मध्ये कॉमा! खाली मराठीही होतं, पण ते मुंगीच्या पायाएवढं, आणि त्यात तर कॉमेही नव्हते. सर म्हणाले, "इंग्रजीवाला तरी अडखळून राह्यला. हा मराठीवाला तं उतारावरच्या सायकलीवानी सुटला."

दुसऱ्या दिवशी सर लाल पेन घेऊन आले. आणि ब्लेड.

माझ्या दुकानातलं एकेक सीलबंद खोकं ते कापायचे, कागद काढायचे, कॉम्यांचे सेमीकोलन करायचे आणि कागद परत आत घालून झाकण लावायचे. मी म्हटलं, "सर, उघडलेलं खोकं कोन घेईन? लोक म्हनतीन, प्रकाशनं औषधात पानी टाकलं."

"पानी नाही टाकलं;" बोट वर गेलं. मी थांबलो. काय करणार? "सेमीकोलन टाकला."

लोकांनी अर्थातच पाणीच धरलं. पण एवढ्यावर भागलं असतं तरी मी तोंड दाबून बसलो असतो. सर गिऱ्हाइकाला तसं सोडत नसत. बाटली हातात दिली की ते कागद उघडत आणि वाचायला लागत. आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत. प्रत्येक सेमीकोलनला बोट वर. त्या थांब्यात गिऱ्हाइकानं ऐकलेलं म्हणून दाखवायचं. नाही म्हणता आलं तर मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा. शेतकरी माणूस, डोक्यावर ऊन, बांधावर मजूर खोळंबलेले, आणि इथं हा वर्ग.

सलीमभाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची कपाशी अगदी रस्त्याला लागून. एक दिवस सकाळी पंप खांद्याला अडकवूनच आले. सरांनी कागद उघडला. सलीमभाई कळवळून म्हणाले, "सर, मायी पऱ्हाटी अळी खाऊन राह्यली ना तिकडं! ते थोडी वाचाले थांबून राह्यली?"

"अळीले नाही वाचाचं," सर म्हणाले. "तुले वाचाचं हाय."

मास्क झाला, मोजे झाले. वाऱ्याचं वाक्य आलं की सर नेहमी खिशातून सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका काढतात. गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर आणतात आणि पुंजका सोडतात. त्या दिवशी पुंजका सरळ उडत आला तो माझ्या गल्ल्यावर बसला.

"सांग, वारा कुठून?"

"रस्त्याकून, सर. दुकानात घुसून राह्यला."

"मंग पाठ कुठं पाह्यजे आन् तोंड कुठं?"

"पाठ रस्त्याकडं, तोंड दुकानाकडं."

"शाबास. आता वारा फिरला असं समज. दुकानातून रस्त्याकडं. मंग तोंड?"

सलीमभाईंनी तोंड रस्त्याकडे केलं. रस्त्यापलीकडे दुसरं कृषी केंद्र आहे. "मंग तिकडं, सर," असं म्हणून ते चालू लागले ते तिकडेच जाऊन पोचले. तिथून बाटली घेऊन जाताना त्यांनी सरांना लांबून सलामही केला. सर खूश होते. मला म्हणाले, "पाह्यलं? वाक्य समजलं त्याले."

मी काय नाही केलं? खुर्चीचा एक पाय डुगडुगायला लागला होता तो मुद्दाम ठोकून घेतला नाही. वाटलं, एक दिवस कंटाळतील. सरांनी त्या पायाखाली बियाण्याच्या पाकिटाची घडी सरकवली आणि बसले. पंखा बंद ठेवून पाहिला; म्हणाले, "बरं केलं, कागद उडून राह्यले होते." लाल पेन लपवला, तर दुसऱ्या दिवशी दोन आणले. गुरू आहेत, हाताला धरून उठवता येत नाही. आणि दिवसभर दात-ओठ खाल्ल्यावर रात्री जेवण गोड लागत नाही.

शेवटी बायको मंदा म्हणाली, "एक तं सर ठेवा, नाही तं दुकान ठेवा. दोनी बाजूचं धरून बसाले तुमी काय सेमीकोलन हा?" म्हणजे घरातही पोचलं होतं ते. मी ठरवलं, त्यांच्या घरी जायचं आणि सांगून टाकायचं, सर, उद्यापासून येऊ नका. दुकानात सांगणं बरं दिसलं नसतं. वाक्यही पाठ केलं होतं. लहानसं, मध्ये कुठंही न थांबणारं.

संध्याकाळी गेलो. सर दूध आणायला गेले होते. ओसरीत खाटेवर नामाकाका बसले होते. मी लहान असताना ह्या माणसाला कापसाची गाठोडी एकट्यानं बैलगाडीवर फेकताना पाहिलं होतं. आता पाण्याचा गडू दोन्ही हातांनी धरला तरी हलत होता, आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

"कोन हाय?"

"मी प्रकाश, काका. दुकानवाला."

"ये बाप्पा, ये." त्यांचा चेहरा उजळला. "दादा तुह्या दुकानात लय बोलते म्हनतेत. खरं हाय काय?"

मी म्हणणार होतो, खरं आहे, त्यासाठीच आलो आहे. पण ते पुढे म्हणाले, "घरात तं दिवसचे दिवस बोलत नाही. भात टाकते, मले भरवते, आंग पुसून देते. पन बोलत नाही. पह्यले रेडिओवानी चालू राहे."

"काऊन बरं, काका?"

त्यांनी गडू खाली ठेवला. मग सांगितलं. आजारी पडले त्या वर्षी त्यांनी नांदुऱ्याहून औषध आणलं होतं. निघता निघता कागद सरांपुढे धरला, दादा, वाचून सांग काय लिवलं ते. सरांनी कागद घेतला, बघितला आणि म्हणाले, अरे, किती चुका हायत ह्याच्यात! लाल पेन काढून चुका दुरुस्त करत बसले. "ऊन चढून राह्यलं होतं," नामाकाका म्हणाले. "त्याचं काही संपे ना. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे दादा, आल्यावर सांग. आन् गेलो. वारा तोंडावर होता. सांजेले मले उचलूनच आनलं."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला, कारण आता माझं पाठ केलेलं वाक्य कुठं ठेवायचं ते कळेना. दुकानातली ती खोकी डोळ्यांपुढे आली. सर चुका आधीच दुरुस्त करून ठेवत होते. गिऱ्हाईक समोर उभं राहील तेव्हा पेन काढायला लागू नये, नुसतं सांगायचं तेवढं उरावं, म्हणून. आणि मी लाल पेन लपवत होतो.

"त्याची काय चूक?" नामाकाका म्हणाले. "जलमभर शेती केली मी. पन त्याच्या डोक्यातून जात नाही. मी बोलाले गेलो का उठून जाते." मग जरा पुढे सरकून, लहान पोरासारखं, म्हणाले, "दुकानात काय सांगते तो? म्हनून दाखव ना."

मी आढेवेढे घेतले. पण रोज ऐकून ऐकून ते सगळं माझ्या तोंडात बसलं होतं. उभा राहिलो, सरांसारखी मान ताठ केली. "तोंडाले मास्क लाव;" बोट वर केलं. काकांना बोट दिसत नव्हतं, तरी ते बरोबर तेवढा वेळ थांबले. "हातात मोजे घाल;" बोट. "फवारता फवारता बिडी ओढू नको; नोझल तोंडानं फुंकू नको;" नामाकाका हसायला लागले. अगदी त्याच्यावानी, अगदी त्याच्यावानी, म्हणत खाटेवर थाप मारायला लागले. पुढे वाऱ्याचं वाक्य होतं. ते त्या माणसापुढे माझ्या जिभेवर येईना. मी ते गाळलं आणि एका दमात संपवलं, "घरी आल्यावर आंघोळ कर आन् कपडे वेगळे धू."

"प्रकाश."

सर दारात उभे होते. हातात दुधाची बरणी. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"वारा राह्यला," ते म्हणाले.

नामाकाकांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "वारा मले मालूम होता, दादा," ते म्हणाले. "तवाही मालूम होता. मीच घाई केली."

सरांचं बोट वर गेलं. आम्ही दोघं थांबलो. बोट बराच वेळ तसंच होतं, आणि पुढे काही आलं नाही. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला.

"चहा ठेवतो;" जरा वेळानं ते म्हणाले, आणि मी नवख्यासारखा उठलो नाही. "बसा दोघंबी."

चहात साखर टाकायला ते विसरले होते. नामाकाका आणि मी, दोघांनीही सांगितलं नाही. चहा पिता पिता सर बोलायला लागले. त्या पंधरा ऑगस्टच्या भाषणातलं राहिलेलं वाक्य निघालं, मग सोयरीक निघाली, मध्यस्थ निघाला, आणि नामाकाका सगळ्या ठिकाणी हं म्हणत राहिले. मी निघालो तेव्हा सर पायरीपर्यंत आले. "उद्या नवीन पेट्या येऊन राह्यल्या ना?" त्यांनी विचारलं. "मी लवकर येतो."

"या सर," मी म्हटलं.

सकाळी दुकान उघडल्यावर मी ती खुर्ची उलटी करून पायरीवर घेतली. मंदा मागून आली. "काल सांगतलं काय त्याईले?"

"खिळे कुठं ठेवले?" मी विचारलं.