छपरावर नाव कोण वाचणार?

एका जंगलात, मुलांनो, एक संग्रहालय होते. त्यात बघण्यासारखी वस्तू एकच. वाळलेल्या चिखलाची एक लादी.

जुन्या दुष्काळात सगळे प्राणी एकाच डबक्यावर पाणी प्यायले होते. त्या दिवशी कुणी कुणाला खाल्ले नाही. चिखलात सगळ्यांची पावले उमटली. वाघाच्या पंजाला लागून एका सुगरणीची इवलीशी पावलेसुद्धा होती.

लादी कासवआजोबा सांभाळायचे. त्यांना काळजी एकच. गवताचे छप्पर गळत होते, आणि पाणी लागले की लादीचा पुन्हा चिखल होणार होता.

त्यांनी देणग्या मागितल्या. जंगल तसे दिलदार. हत्तीसाहेबांनी बाक दिला, पाठीवर नाव कोरून. अस्वलरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ भिंतीवरचे घड्याळ दिले. ते पाहून बाकीच्यांनीही घड्याळेच दिली. अकरा घड्याळे, अकरा निरनिराळ्या वेळा.

"साहेब, तेवढं छपराचं बघा ना," आजोबा म्हणाले.

"बघितलं असतं हो," हत्तीसाहेब म्हणाले. "पण छपरावर नाव घातलं तर वाचणार कोण?"

"गिधाडं वाचतील."

"नको. त्यांची नजर चांगली नाही."

शेजारच्या बाभळीवर रखमाक्का नावाची सुगरण राहायची. लादीवरची ती इवलीशी पावले तिच्या पणजीची. तिने हे बोलणे ऐकले. स्वतःचे अर्धे झालेले घरटे उसवले आणि काडी न् काडी त्या छपरात विणली. कुणाला सांगितले नाही. सांगायला वेळच नव्हता, ढग भरून आले होते.

पाऊस धो धो कोसळला. लादीवर थेंब पडला नाही.

मग देणगीदारांचा सत्कार झाला. "हा आमच्या बाकाचा पायगुण," हत्तीसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. आजोबांनी वर पाहिले, सुगरणीचे विणकाम ओळखले आणि खरे सांगायला उठले. ते माइकपर्यंत पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते.

तेवढ्यात रखमाक्का दाराशी आली.

"पणजीची पावलं बघायची होती," ती म्हणाली.

"यादीत नाव आहे का?" दारावरच्या माकडाने विचारले. "आज फक्त देणगीदार."

रखमाक्का छपरावर गेली. तिने चोचीने एक काडी सरकवली, फटीला डोळा लावला आणि पणजीची पावले मन भरेपर्यंत पाहिली. मग काडी पुन्हा नीट बसवली.

तात्पर्य : दान नेहमी चारचौघांना दिसेल असे करावे. न दिसणाऱ्या दानाने फक्त छप्पर गळायचे थांबते.