गाडी पूर्ण झाली, आणि मी आत राहिलो

स्टिअरिंग सगळ्यात शेवटी बसवायचं, हे मीच ठरवलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमची गाडी म्हणजे ब्रिटिश बनावटीची, जुनी, उघड्या टपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. एका डॉक्टरांच्या शेडमध्ये पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मी ती घरी आणली तेव्हा बायकोनं तिला चारी बाजूंनी नीट न्याहाळलं आणि विचारलं, "अहो, गाडी मागून येतेय का?"

पण बाई मनाची मोठी. ती शाळांचे गणवेश शिवते. तिचं शिलाई मशीन, कापडाचे तागे, सगळं गॅरेजमध्ये होतं. ते उचलून तिनं झोपायच्या खोलीत नेलं आणि गॅरेज माझ्या हवाली केलं. मी पाणीपट्टीच्या कचेरीतला कारकून, इंजिन कशाशी खातात तेही मला ठाऊक नव्हतं. टॉर्च धरायला तीच, बोल्टचं दुसरं टोक पकडायला तीच, आणि मी चिडून पाना भिरकावला की तो झुडपातून शोधून आणायलाही तीच. तिची अट एकच होती.

"ताई येईल तेव्हा तिला आणायला ह्याच गाडीतून जायचं."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. मी भिंतीवर साधं चित्र टांगायला गेलो आणि अर्ध्या भिंतीचं प्लास्टर खाली आणलं, ते ताईंनी डोळ्यांनी पाहिलेलं. "ज्याला खिळा ठोकता येत नाही, त्याला तू अख्खं गॅरेज दिलंस?" असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. बायकोनं फोन ठेवून दिला. माझ्या बाजूनं काय बोलणार बिचारी! पण ते तिला लागलं होतं, हे मला कळलं होतं.

तर आज संध्याकाळच्या बसनं ताई येणार. रंग झाला, चाकं झाली, सीटची कव्हरं बायकोनं स्वतः शिवली. ("फोम जाड घाल," मी म्हणालो. "पुरे हो," ती म्हणाली. "अजून घाल, माझ्या पाठीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. हे लक्षात ठेवा.) उरलं फक्त स्टिअरिंग. मी ऐटीत आत बसलो, चाक बसवलं, नट जीव खाऊन आवळला आणि मधोमध हॉर्नचं बटण दाबून बसवलं.

"झाली गं गाडी!" मी ओरडलो.

बायको धावत आली. तिनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "चला, उतरा. हातपाय धुवा, निघू या."

मी उतरायला लागलो. म्हणजे तसा विचार केला. विचार वर गेला, मी खालीच राहिलो. मांड्या चाकाखाली, पोट चाकाला टेकलेलं आणि पाठीमागे तो ऐतिहासिक फोम. गाडी जुळवायला घेतली तेव्हा मी सडपातळ होतो. मधल्या काळात गाडीचा एकेक भाग मी मोजून घेतला, मला मोजायचं मात्र राहून गेलं.

"नट काढा मग," बायको म्हणाली.

"पाना सीटखाली पडलाय, तिथे हात जात नाही."

"सीट मागे सरकवा."

"सरकायची पट्टी गंजली होती. मी ती थेट बोल्टनं आवळलीय. आणि बोल्ट..."

"तुमच्याखाली," ती म्हणाली. (इतक्या वर्षांच्या संसारात ती माझी वाक्यं पुरी करायला शिकलीय.)

आरडाओरडा ऐकून शेजारचे मास्तर आले. शाळेत ड्रिल शिकवायचे, त्यामुळे संकट दिसलं की छाती पुढे. त्यांनी घरून आपले पाने आणले आणि हॉर्नचं बटण उचकटून नटाला लावून पाहिले. एक नटावर बसेना, पुढचा नुसताच फिरे.

"मास्तर, ब्रिटिश गाडी आहे. इंचाच्या मापाचा पाना लागतो, मिलिमीटरचा चालत नाही."

"मग आहे कुठे तो?"

"माझ्याखालीच."

मास्तरांनी बटण परत जागेवर दाबलं आणि बाह्या सारल्या. "श्वास सोडा! पोट आत! एक, दोन..." आणि माझ्या काखांत हात घालून मला वर उपसायला लागले. माझी छाती हॉर्नवर आपटली. दर खेपेला भोंगा वाजे आणि दर भोंग्याला एक नवीन शेजारी बाहेर येई. मास्तरांना चेव आला, मला घाम आला, मी होतो तिथेच.

बायकोनं घड्याळ पाहिलं. तिचा चेहरा पडला. त्या क्षणी मला मनापासून वाईट वाटलं. या बाईनं मागितलं काय, तर एक चक्कर! तीही मी अडवून बसलो होतो.

"तू रिक्षा करून जा," मी म्हणालो.

"ताईला रिक्षातून आणू? गप्प बसा."

ती आत गेली आणि टाके उसवायची छोटी सुरी घेऊन आली. सीटची बाजू, जी तिनं आठवडाभर बोटं दुखवून शिवली होती, तीच तिनं चर्रकन उसवली. मग हात घालून माझ्याखालचा फोम तुकड्यातुकड्यानं ओढत राहिली. मी हळूहळू खाली बसत गेलो, मांड्या सुटल्या, आणि मास्तरांनी मला दारातून पोत्यासारखं बाहेर ओढलं. तिच्या जागी मी असतो तर आधी भाषण दिलं असतं.

तिनं मशीनच्या स्टुलावरची उशी आणून सीटवर टाकली आणि स्वतः चाकामागे बसली. गणवेश पोचवायचा टेम्पो ती रोज चालवते. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली! मी तिच्या शेजारी बसलो. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वारा तोंडावर येत होता आणि ती हसत होती. देवा, इतकं सुख मला झेपत नाही, पण थँक्यू, असं मी मोठ्यानं म्हणालो.

बस स्टँडवर ताई गाडीभोवती दोनदा फिरल्या. "भावोजी, ही तुम्ही केलीत?"

"हिनं केली," मी म्हणालो. "मी पाने भिरकावले."

"बरं, मी बसू कुठे?"

आम्ही तिघंही गाडीकडे बघत राहिलो. सीट दोन. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. माणसं तीन होतील, हा हिशेब पाणीपट्टीच्या कारकुनाला जमला नव्हता. डिकीत जादा चाक, त्यामुळे बॅगेलाही जागा नाही. मी निमूटपणे उतरलो आणि ताईंची बॅग खांद्यावर घेतली.

ताई ऐसपैस बसल्या. "गाडी झकास केलीस गं. आता भावोजींचं काम कधी काढतेस?"

"ह्यांचे पार्ट मिळत नाहीत, ताई," बायको माझ्याकडे बघत प्रेमानं म्हणाली. "पण मॉडेल भरवशाचं आहे. मला कधी रस्त्यात सोडलं नाही."

एवढं बोलून तिनं गिअर टाकला आणि मला रस्त्यात सोडून निघून गेली.