फाटकापाशी चुकलेलं उत्तर

"मोजणीदार कशाला हवा? गेली चोवीस वर्षं मी माणसांच्या रक्तातल्या पेशी मोजतेय. एक घर आणि एक झाड मला मोजता येणार नाही?"

लॅबवाल्या बाईंनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांचे यजमान पेपर तपासत होते. ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी मान वर न करता विचारलं, "पेशी भांडायला येतात का गं?"

"नाही."

"शेजारी येतात."

पण बाईंचं ठरलं होतं. बाईंचं एकदा ठरलं की ते दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत ठरलेलं असायचं.

घर जुनंच होतं. बांधकाम तपासणाऱ्या इंजिनिअरने छप्पर ठीक, पाया ठीक, पश्चिमेच्या भिंतीला ओल, असा शेरा दिला होता. बाईंनी तो नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विसरून गेल्या. कारण घराच्या मागच्या कोपऱ्यात तुतीचं झाड होतं.

"आपण घर घेतोय की झाड?" सरांनी तेव्हाच विचारलं होतं.

बाई तेव्हाही झाडाकडेच बघत होत्या. त्यांचं लहानपण वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. खाली घरमालकिणीची तुती होती. खिडकीतून दिसायची, पण हात लावायचा नाही. खाली पडलेली फळंसुद्धा मालकीण मोजून उचलायची! बाई वरून तिच्याबरोबर मोजायच्या. मोजायला शिकल्या त्या तिथेच. पुढे लग्न झालं आणि सात भाड्याची घरं झाली. सातही करारांत 'भिंतीला खिळा ठोकू नये' हे कलम होतं, आणि एकाही घराला झाड नव्हतं. आता या घराच्या मालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, कारण दुसरं गिऱ्हाईक दाराशीच उभं होतं. दलाल छातीवर हात ठेवून म्हणत होता, "झाड घरातच येतं, बाई!" पण दोन घरांमधलं कुंपण कधीच पडून गेलं होतं. म्हणून मोजायचं.

शनिवारी सकाळी बाई टेप, दोरी, चार खुंट्या आणि होकायंत्र घेऊन हजर झाल्या. सोबत सर होते, टेपचं दुसरं टोक धरायला. जुन्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: शेजारची हद्द फाटकाच्या डाव्या खांबापासून थेट उत्तरेला, चौदा मीटर.

बाई फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. होकायंत्र तळहातावर आडवं धरलं. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखला. खरी उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांतला फरकसुद्धा त्यांनी आठवणीने वजा केला! मग पहिली खुंटी ठोकली आणि दोरी सोडली. दोरी सरळ निघाली आणि शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाऊन आपटली.

"अगं, काहीतरी चुकतंय," सर म्हणाले.

"काटा चुकत नाही." बाईंनी खिडकी वाजवली. "मावशी, जरा खिडकी उघडता का?"

खिडकीत सत्तरीच्या एक मावशी आल्या, हातात झारा. "कोण पाहिजे?"

"कोणी नको. फक्त तुमच्या मागच्या दारापर्यंत जायचंय. सरळ रेषेत."

मावशींनी आयुष्यात बऱ्याच पाहुण्यांना घरात घेतलं असेल, पण दोरीला पहिल्यांदाच! दोरी खिडकीतून आत शिरली, शेगडीवरून गेली, फ्रिजच्या मुठीला घासून मागच्या दाराने बाहेर पडली आणि थेट झाडाच्या पलीकडे जाऊन थांबली.

बाईंनी टेप लावला. दोनदा लावला. झाड एक मीटर पाच सेंटिमीटर आत होतं. आत म्हणजे आपल्यात!

बाईंनी टेप खाली ठेवला आणि बुंध्यावर तळहात टेकवला. साल खरखरीत आणि उन्हाने कोमट झालेली होती. चाळीस वर्षं लांबून बघितलेल्या गोष्टीला एवढा साधा स्पर्श असतो, हे त्यांना नवीनच होतं. सर टेप गुंडाळत उगाचच दुसरीकडे बघत राहिले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती. पण बाईंना खरं सांगायची सवय. रक्ताचा रिपोर्ट कसाही असो, त्या तो तोंडावर सांगायच्या.

"मावशी, रागावू नका. तुमचं स्वयंपाकघर मीटरभर आमच्यात येतंय."

"म्हणजे शेगडी तुमची?"

"हो."

"आणि फोडणी जळली तर बोलणी कोणी खायची?"

"ज्याच्या हद्दीत जळेल त्याने," सर म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने खुंट्या मोजू लागले. चारच होत्या.

मावशींनी अंगणात येऊन पलीकडच्या घराला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? माझं घर मीटरभर सरकतंय! मी तुमच्यात येते!"

पलीकडचे पेन्शनर बनियनवरच धावत आले. "अहो, मग मी कुठे जाऊ?" ते त्यांच्या पलीकडच्यांकडे गेले. तासाभरात गल्लीतला प्रत्येक जण टेप घेऊन शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उभा होता! हिशोबाने शेवटच्या शिंप्याचं शिलाई मशीन रस्त्याच्या मधोमध येत होतं. तो मशीनला मिठी मारून बसला. दलाल घाम पुसत धावत आला. "बाई, मी घर विकायला काढलंय, गल्ली नाही! हद्द झाली आता!"

"तीच तर ठरवतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

शेवटी गल्लीनेच मोजणीदाराला बोलावलं. रविवारी सकाळी तो आला तेव्हा दोरी जागच्या जागी होती आणि मावशींनी तिच्यावर तीन पंचे वाळत घातले होते.

मोजणीदार बुटका, सावकाश बोलणारा माणूस. त्याने तिकाटण्यावर यंत्र बसवलं, कागद बघितला, दोरी बघितली, पंचे बघितले.

"दोरी कोणी लावली?"

"मी," बाई म्हणाल्या. "होकायंत्राने."

"कुठे उभ्या होतात?"

"फाटकापाशी. टेकून."

"फाटक कशाचं आहे?"

बाईंनी वळून फाटकावर बोटाने टकटक केलं. फाटक लोखंडाचं होतं. चांगलं जाडजूड, माणसाएवढं उंच! कॉलेजच्या पहिल्याच वर्षात साक्षात प्रयोगवहीने सांगितलेलं असतं: होकायंत्राजवळ लोखंड ठेवू नये.

मोजणीदाराने मागच्या कोपऱ्यात वीतभर खणलं. मातीखालून हद्दीचा दगड निघाला, डोक्यावर फुलीची खूण असलेला. यंत्राची नजर खांबावरून सरळ त्या फुलीवर बसली.

"सहा अंशांची चूक," तो म्हणाला. "चौदा मीटरवर एक मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर होतात. तुमची उत्तर चुकली, बाई."

"म्हणजे उत्तर चुकलं!" सर न राहवून ओरडले. "पण रीत बरोबर होती, साहेब. रीतीचे दोन गुण तरी द्या!"

गल्ली हसली. शिंप्याने मशीन सोडलं. मावशींची शेगडी मावशींना परत मिळाली.

"आणि झाड?" बाईंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. एकशे सत्तेचाळीसातून एकशे पाच वजा करायला यंत्र लागत नाही.

"बेचाळीस सेंटिमीटर पलीकडे," मोजणीदार म्हणाला. "मावशींच्यात."

माणसं पांगली. दलाल लांब उभा राहून घड्याळ बघत होता. सर हळूच जवळ आले. "नको म्हणून सांगू या का गं? दुसरं बघू. झाडासकट."

बाई हद्दीच्या दगडापाशी उभ्या होत्या. फांद्या मात्र नकाशा न वाचताच अर्ध्या अलीकडे आल्या होत्या. पानांची सावली बाईंच्या चपलांवर हलत होती. लहानपणीच्या खिडकीतून खाली बघताना त्या रोज एक गणित करायच्या: आपला हात किती लांब असता तर पोचला असता? ते नेहमी काही मीटरांतच यायचं.

त्यांनी पर्समधून टेप काढला. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःचा हात मोजला. दोनदा.

"अहो," त्या म्हणाल्या, "अडुसष्ट."

"काय अडुसष्ट?"

बाईंनी पाय हद्दीच्या आत, अगदी दगडाला चिकटवून ठेवले आणि हात पुढे केला. बुंध्याला तळहात लागला. सव्वीस सेंटिमीटर शिल्लक राहिले!

सरांनी दलालाकडे बघून मान डोलावली.

इतक्यात मागच्या दारात मावशी आल्या. त्यांनी बाईंचा हात बघितला, झाड बघितलं, आणि बाईंच्या बाजूच्या अंगणात पडलेला पानांचा आणि चिरडलेल्या जांभळ्या तुतींचा खच बघितला.

"पोचतो ना हात?"

"पोचतो, मावशी," बाई म्हणाल्या.

"बरं झालं. तो झाडू घ्या. झाड माझं असलं तरी पाचोळा सगळा तुमच्याच हद्दीत पडतो. हवं तर मोजून बघा!"