आबासाहेबांचं मनगट

माणसाची खरी उंची तो उभा असताना कळत नाही. तो बसतो कसा, यावरून कळते. आमच्या शेजारचे आबासाहेब बसले की दोन खुर्च्या अडत. एकीवर ते स्वतः, आणि उजवीकडच्या खुर्चीच्या पाठीवरून पलीकडे टाकलेला त्यांचा हात.

ही दुसरी खुर्ची साहेबांची. साहेब म्हणजे नेमके कोण, हे प्रसंगानुसार बदलायचं. कधी आमदार, कधी कारखान्याचे चेअरमन, एकदा तर नुसतेच ‘वरचे साहेब’. आमच्या युसूफ वडगावात लग्न असो, दहावा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, कुणी बसायला आलं की आबासाहेब हात न उचलता सांगत, “साहेब यायलेत. रस्त्यात हायत.”

दहाव्याला कोण साहेब येणार, असं मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “सर, आन् आले तर?”

या ‘आले तर’वर त्यांचं सगळं राजकारण उभं होतं. फार पूर्वी ते एकदा सरपंच झाले होते. त्यानंतर गावानं त्यांना मान दिला, मतं दिली नाहीत. तरी इस्त्रीची बंडी सुटली नाही, आणि जीपमधून जाता जाता हात उंच करून रामराम घेणंही सुटलं नाही. समोर माणूस नसला तर ते बैलालाही हात करत.

यंदा चैत्रात पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन होतं. साहेब सकाळी येणार होते. दुपार झाली, नारळ तापला, माणसं एकेक करून सावलीला गेली. मंडपवाल्यानं खुर्च्या एकात एक घालून रचल्या. दोनच राहिल्या, कारण एकीवर आबासाहेब झोपले होते आणि दुसरीच्या पाठीवरून त्यांचा उजवा हात पलीकडे लोंबत होता. साहेब आले नाहीत. कुदळ मारायला आणलेली होती, ती मंडपवाला चुकून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून दबलेली हाक आली. “सर, जरा येता का? एकटेच या.”

आबासाहेबांचा दबलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून तसाच गेलो. ते पुढच्या खोलीत आरशासमोर उभे होते. दार लावलेलं. उजवा हात त्यांनी पुढे धरला होता, पण मनगटापासून पुढचा पंजा खाली लोंबत होता. हलत नव्हता, थरथरत नव्हता. जणू कुणीतरी तो तिथे टांगून निघून गेलं होतं.

“तोंड बगा माझं,” ते म्हणाले. “वाकडं झालंय का?”

“नाही.”

“नीट बगा की!”

मी नीट बघितलं. तोंड सरळ होतं. मग त्यांनी मला जीभ दाखवली. मग म्हणाले, “आता ऐका. परळी वैजनाथ. चकलांबा. परळी वैजनाथ. अडकती का?”

“स्वच्छ आहे.”

“चकलांबाला जराशी अडली.”

“ती सगळ्यांचीच अडते.”

यावर ते हसले नाहीत. खाली बसले आणि मेलेला पंजा डाव्या हातानं मांडीवर नीट ठेवला. “कालपास्नं असाच हाय. रातभर आरशाफुडं बसलोय. आमच्या वडलांचंबी असंच झालतं,” ते हळूच म्हणाले. “आदी हात. मग तोंड. मग बाजंवर पडले ते पडलेच. मी भरवायचो त्यास्नी. घास इकडून घातला की तिकडून बाहीर.”

लकव्याबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे आणि भीती ही अज्ञानातून येते, असं मी बऱ्याच ठिकाणी बोललो आहे. त्यांची पाठ वळल्यावर मी आरशात माझंही तोंड बघून घेतलं.

गावात कुणाला कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलं. म्हणजे, एका चुलतभावाला तेवढं सांगून झालं होतं, आणि तो पहाटेच खोक्यात एक जिवंत कबूतर ठेवून गेला होता. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात म्हणे. खोकं कोपऱ्यात होतं आणि आतून गुटर्गूं चालू होतं.

“मग?” मी विचारलं.

“कापाया हात लागतो की, सर.”

केजला बसस्टँडच्या मागे एक डॉक्टर आहेत आणि त्यांच्याच माडीवर फिजिओथेरपीचं केंद्र आहे. जीप गावभर ओळखीची, म्हणून माझ्या स्कूटरवर जायचं ठरलं. ओळख लपावी म्हणून आबासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि उन्हाळ्यात शाल पांघरून हात आत घेतला. वेशीपर्यंत त्यांना सगळ्यांनी रामराम घातला. सवयीनं त्यांनी हात उंच केला, तर शाल घसरली आणि लोंबता पंजा वरखाली झाला. पारावरचा एक म्हातारा नमस्काराला उठला होता, तो खाली बसायला सांगितलं असं समजून परत बसला. माझ्या पाठीमागे हेल्मेटच्या आतून जोरजोरात श्वास ऐकू येऊ लागला. तो केजपर्यंत थांबला नाही.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, दोन्ही हात वर करायला लावले, पाय हलवून पाहिले, दात दाखवायला सांगितले. मग म्हणाले, “लकवा दिसत नाही. पण असता, तर रात्रभर आरशात बघत बसून तुम्ही फार मोठी चूक केली असती. अशा वेळी तेव्हाच निघायचं.” आणि माडीवर पाठवलं.

वर बाकड्यावर ऊसतोडीची एक बाई आपला हात धरून बसली होती. मनगटाला कोयता लागून नस तुटली होती, ती जोडल्यावर आता बोटं वळवायचे व्यायाम चालू होते. तिनं शालीच्या टोकाकडे पाहिलं.

“हात लोंबायलाय की, आबा.”

“आखडलाय जरा,” आबासाहेब म्हणाले.

“आखडलेला असा नस्तो. झाकू नका, इथं समदे लोंबतेच येतेत.”

आबासाहेबांनी शाल आणखी ओढून घेतली.

आतल्या मॅडम वयानं लहान होत्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. त्यांनी आबासाहेबांचा हात टेबलावर पालथा ठेवला, तळवा कडेबाहेर. “मनगट वर उचला.”

आबासाहेब हाताकडे बघत राहिले. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या, दातावर दात बसले. हात तसाच राहिला. आयुष्यभर माणसं हलवल्याचा दावा करणारा माणूस आपल्याच पंजाकडे इतक्या अजिजीनं बघताना मला पाहवेना. मी भिंतीवरच्या तक्त्यातली हाडं वाचू लागलो.

“ऐकंना झालाय,” ते पुटपुटले.

मॅडमनी अंगठ्यामागच्या कातडीला बोट लावलं. “इथं कळतं?”

“बधिर हाय.”

“काल हात कुठे ठेवून झोपला होता?”

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाडांकडे पाहिलं. शेवटी मलाच सांगावं लागलं. “शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर.”

“कुणाच्या खुर्चीच्या?”

“साहेबांच्या.”

“साहेब आले होते?”

“न्हाई,” आबासाहेब म्हणाले. हे त्यांनी याआधी कधी जाहीरपणे कबूल केल्याचं मला आठवत नाही.

मग मॅडमनी समजावलं. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली येते, तीच मनगट आणि बोटं वर उचलते. खुर्चीची कड आणि हाड यांच्यामध्ये ती तासन्‌तास दबली. “असा हात मी बहुतेक दारू पिऊन खुर्चीत झोपलेल्यांचा पाहते.”

“आमी घेत न्हाई!”

“म्हणूनच नवल वाटलं. नस दबली आहे, तुटलेली वाटत नाही. बहुतेक बरी होईल. काही आठवडे लागतील, कदाचित महिने.”

‘बहुतेक’ ऐकताच त्यांचा चेहरा पडला. हा शब्द ते स्वतः लोकांना गेली कित्येक वर्षं देत आले होते. रस्ता बहुतेक होईल, पूल बहुतेक होईल. त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

मॅडमनी पंजा वर धरून ठेवणारी पट्टी मनगटाला बांधली. सांधे आखडू नयेत म्हणून डाव्या हातानं उजवा कसा वाकवायचा ते दाखवलं, विजेचे हलके झटके देऊन स्नायू जागे करू म्हणाल्या. मग विचारलं, “या हातानं रोज काय करावं लागतं? त्याप्रमाणे व्यायाम ठरवू.”

मला उत्तर पाठ होतं. हार, फीत, नारळ, माईक.

“सर, जरा भाईर थांबता?” आबासाहेब म्हणाले.

मी बाहेर गेलो. बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडे.

आत खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग, “वेणी घालावी लागती.”

“कुणाची?”

“मंडळीची. संधिवातानं तिची बोटं पार वाकडी झाल्यात. कंगवा धरवंना. दुसऱ्या कुणाला केसाला हात लावू देत न्हाई ती. मीच घालतो रोज, दार लावून.” ते आणखी हळू बोलू लागले. “आज सकाळीबी बसली व्हती, पाठ करून, केस सोडून. मी म्हणलं, साहेबाचा फोन आलाय. अजून तशीच बसली असंल. कावून आलं हे माझ्याच हाताला? मी बाजंवर पडलो तर तिला कोण हाय, मॅडम?”

बाकड्यावरच्या बाईनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता आपली बोटं वळवत राहिली.

मॅडमनी सुतळीचे तीन पेड दिले. पट्टी बांधूनच खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि जमेल तसं विणत बसायचं. घरातली लपवाछपवी दुसऱ्याच दिवशी संपली, कारण सुतळीची वेणी घालणाऱ्या नवऱ्याला कुठलीही बायको प्रश्न न विचारता सोडत नाही.

मग भीतीचे आठवडे सुरू झाले. रोज सकाळी भिंतीपलीकडून खबर यायची, “न्हाई हललं.” मी म्हणायचो, हलेल. रात्री मात्र मी आडवा होण्याआधी हात कुठे आहे ते बघून घेऊ लागलो. एकदा माझ्या करंगळीला मुंग्या आल्या, तर मी परळी वैजनाथ म्हणून पाहिलं. त्या काळात त्यांना कुणी बोलावलं तरी ते जात नव्हते. हातावरची पट्टी दिसेल ही भीती होतीच. पण सकाळी उठून सगळ्यांत आधी जीभ चालते का, हे बायकोला विचारणारा माणूस सभेत काय बोलणार?

एके दिवशी भिंतीवरून नुसता हात वर आला. पट्टी नव्हती. पंजा खाली पडत होता, पुन्हा किंचित वर येत होता, पुन्हा पडत होता. मागून आवाज आला, “दिसतंय का, सर? का मलाच भास व्हायलाय?”

“दिसतंय,” मी म्हणालो. माझा आवाजही जरा दबलाच.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तर दार उघडं होतं. काकू ओट्यावर पाठ करून बसल्या होत्या. मागे आबासाहेब, तोंडात रिबीन, कपाळावर घाम, भाषणातही न येणारी एकाग्रता. मला पाहून ते थांबले नाहीत. शेवटची गाठ मारून त्यांनी हात झटकला आणि पाणी प्यायला आत गेले.

सत्ता, वार्धक्य आणि माणसाची माया यांवर एक बरं वाक्य माझ्या मनात जुळून येत होतं. तेवढ्यात काकूंनी विचारलं, “सर, सरळ आलीय का वेणी?”

वेणी मानेवरून निघून डाव्या कानाकडे गेली होती.

“थोडी कललीय,” मी म्हणालो. “नस अजून पुरती बरी नाही ना. होईल हळूहळू सरळ.”

“नसंचं काय न्हाई त्यात,” काकू म्हणाल्या. “हात धडधाकट व्हता तवाबी अशीच यायची.”