रोज संध्याकाळी बिघडणारा दिवा

विलास खोब्रागडे स्वतःच्या खोलीतला दिवा लावायला हात वापरत नसे. हात त्याला दोन होते, दोन्ही धडधाकट होते आणि दिव्याचं बटण पलंगावर बसल्या बसल्या हाताला लागेल इतकं जवळ होतं. पण त्या बटणावर त्याने चिकटपट्टी लावून ठेवली होती. दिवा लावायचा तर तो आधी फोन शोधायचा. फोन सापडला की अ‍ॅप उघडायचा. अ‍ॅप म्हणायचं, नवी आवृत्ती आली आहे. मग ती उतरेपर्यंत खोब्रागडे अंधारात शांतपणे बसून राहायचा. "ताई, बटण दाबणं हे आदिमानवाचं काम आहे," असं त्या अंधारातूनच मला सांगायचा. आदिमानवाकडे बटणं होती हे मला त्याच्याकडून कळलं.

बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. मी सांगलीची, एका स्टार्ट-अपमध्ये टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. नोकरी स्वभावाला अगदी साजेशी मिळाली, असं माझी आई म्हणते. खोब्रागडे चंद्रपूरचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, उंच, किरकोळ, कायम एकाच करड्या स्वेटरमध्ये. एका संशोधन संस्थेत तो डॉक्टरेट करत होता. विषय असा, की घरातल्या वस्तू इंटरनेटला जोडल्यावर माणसं त्या अ‍ॅपमधून कशा वापरतात. साध्या मराठीत सांगायचं तर, माणसाने किटलीशी कसं वागावं.

माणसांशी कसं वागावं हा त्याचा विषय नव्हता. तो माणसांना 'युझर' म्हणायचा. पोस्टमन चिडला की "युझर वैतागलेला दिसतो". मी चिडले की "इंटरॅक्शन फसलं". एकदा ऑफिसात फार वाईट दिवस गेला म्हणून मी स्वयंपाकघरात बसून रडत होते. खोब्रागडे आला, थोडा वेळ उभा राहिला आणि त्याने विचारलं, "एक ते पाचमध्ये सांगा, किती त्रास होतोय?" मी "पाच" म्हटल्यावर तो घाबरून खोलीत निघून गेला. पाचचं पुढे काय करायचं हे त्यालाही ठाऊक नसावं.

आमच्या घराची त्याने प्रयोगशाळा केली होती. दिवे, हायझुंग म्हणजे खोली गरम ठेवणारा हीटर, खिडक्या, किटली, सगळं अ‍ॅपवर. आता जर्मनीत भर थंडीतही रोज खिडक्या सताड उघडून घरात हवा खेळवायची असते. घरमालक ते भाड्याच्या करारातच लिहून घेतो. मी इमानेइतबारे खिडकी उघडली की खिडकी हायझुंगला कळवायची, हायझुंग स्वतःला बंद करून घ्यायचं आणि माझ्या फोनवर प्रश्न यायचा, 'आपण घर सोडून गेलात का?' मी टोपी घालून, नाक पुसत, 'नाही' दाबायचे. बाथरूमचा दिवा माणूस हलतोय तोवरच चालू राहायचा. त्यामुळे आमच्याकडे आलेले पाहुणे आतून दोन्ही हात हलवत बसायचे. आणि मी मोहरी-मिरचीची फोडणी दिली की धुराचं यंत्र घरातल्या दोन्ही फोनांवर एकदम 'ताबडतोब बाहेर पडा' असा हुकूम सोडायचं. एकदा मी खरंच बाहेर पडले आणि बाहेरच जेवून आले.

तक्रार केली की त्याचं उत्तर ठरलेलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! पण चूक सिस्टिमची नाही ताई, इंटरॅक्शनची आहे." म्हणजे माझी.

त्याच्या खोलीत इंटरनेटला न जोडलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे शेल्फवरची बुद्धाची लहानशी मूर्ती. तिच्यापुढची मेणबत्ती तो काडी ओढून लावायचा. "याचं अ‍ॅप नाही का रे?" असं मी एकदा खवचटपणे विचारलं. "काही गोष्टी सरळच कराव्यात," तो म्हणाला. मला वाटलं, याला ताप वगैरे आला असेल.

तर या प्रबंधासाठी त्याने आमच्या इमारतीतली सहा घरं पकडली होती. त्यांना दिवे, पडदे, हायझुंगची यंत्रं फुकट बसवून दिली. सगळ्या घरांतली सगळी उपकरणं त्याच्या फोनवर दिसायची आणि तिथून चालवताही यायची. अट एकच होती. काही अडलं तर लोकांनी त्याला फोन करायचा. आणि त्याच्या मार्गदर्शक प्रोफेसरांची अट याच्या उलट होती. हिवाळा संपेपर्यंत असे फोन थांबले पाहिजेत, लोकांना त्याच्याशिवाय सगळं जमलं पाहिजे. जमलं तर अ‍ॅप चांगलं, प्रबंध पुढे आणि त्याचा करार वाढणार. नाही जमलं तर करार संपणार, त्यामागून व्हिसा, आणि चंद्रपूर.

पाच घरं सुधारली. खरं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने सगळी यंत्रं खोक्यात भरून आमच्या दाराशी आणून ठेवली आणि आभाराचं 'डांके' म्हणून निघून गेलं, पण त्यांचेही फोन थांबलेच. राहिल्या तळमजल्यावरच्या फ्राऊ लेमान, म्हणजे लेमानबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नवरा वारलेला, आवाज खणखणीत. 'खोब्रागडे' म्हणताना त्यांची कवळी निसटायची म्हणून त्या त्याला प्रबंधाच्या आधीच 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणू लागल्या होत्या. त्यांचा बैठकीतला दिवा रोज संध्याकाळी बिघडायचा. दिवसभर ठणठणीत असायचा. संध्याकाळ झाली की बिघडायचा.

फोन वाजला की खोब्रागडे कपाळाला आठ्या घालायचा. "हे युझर काही शिकत नाहीत," म्हणायचा. मग खोलीत जाऊन करडा स्वेटर काढायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, केस विंचरायचा आणि जायचा. दिवा दुरुस्त करायला केस विंचरावे लागतात हे मी नव्यानेच पाहत होते. परतायचा तो चांगल्या दोन तासांनी, शर्टावर केकचा चुरा घेऊन. "इंटरॅक्शन गुंतागुंतीचं होतं," असं मला सांगायचा.

त्याचे घरचे फोन मला भिंतीतून ऐकू यायचे. "हो, जेवलो. हो, थंडी आहे. हो, चाललंय. ठेवतो." एवढंच बोलणं असायचं, दर रविवारी तेच. इन्स्टिट्यूटमध्ये तर लोक शेजारच्या टेबलावरूनही ईमेल करायचे. हे सगळं मला दिसत होतं, पण टेस्टर माणसाला दुसऱ्याच्या यंत्रातलं चटकन दिसतं, माणसातलं जरा उशिरा.

फेब्रुवारीत प्रोफेसरांनी त्याला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईंना दिवा लावता येत नसेल तर या अ‍ॅपचं कौतुक कोण करणार? महिनाभरात त्यांचे फोन थांबले नाहीत तर करार वाढणार नाही. खोब्रागडे घरी आला आणि जेवलाच नाही. मी त्याच्यासाठी काढून ठेवलेलं वरण तसंच राहिलं. मला त्याची फार दया आली, आणि फ्राऊ लेमानांचा थोडा रागही आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर आले आणि त्याला न सांगता थेट तळमजल्यावर गेले. म्हटलं, आपणच शिकवू बाईंना.

फ्राऊ लेमानांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि मी 'अ‍ॅप' म्हणताच चष्मा चढवून फोन हातात घेतला. पडदे खाली सोडून दाखवले, वर घेऊन दाखवले. हायझुंग रात्री किती वाजता कमी होतं ते दाखवलं. अक्षरं मोठी करून घेतली होती, मांजराच्या टोपलीजवळच्या दिव्याला मांजराचं नाव दिलं होतं. मला स्वतःला जे जमत नव्हतं ते त्या बोटाच्या टोकाने करत होत्या.

"मग तुम्ही रोज फोन का करता?" मी विचारलं.

त्या काही बोलणार इतक्यात बैठकीतला दिवा गेला. कोणी हात लावला नव्हता, फोन तर त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता. फ्राऊ लेमान जराही दचकल्या नाहीत. शांतपणे जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला आणि म्हणाल्या, "हेर डॉक्टर, पुन्हा बिघडला हो." मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळल्या. "पहिल्या आठवड्यात मी घाबरले होते. नंतर माझ्या लक्षात आलं, हा बिघडवतो कोण ते. आल्झो, तर मी म्हटलं, बिघडवू दे. केक एकटीने खायचा म्हणजे तोही नकोसा होतो. तुम्ही त्याला सांगू नका हं, मला ठाऊक आहे म्हणून."

मी उठले आणि दाराबाहेर आले. वरून खोब्रागडे उतरत होता. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात फोन. मला त्या दारातून बाहेर पडताना पाहून तो जिन्यातच थबकला.

"दिवा तू बंद करतोस," मी म्हटलं.

एरवी त्याचं मराठी पुस्तकी असायचं. त्या क्षणी पार चंद्रपूरला पोचलं. "नाही जी ताई, मी तर फक्त कनेक्शन चेक करून राहिलो होतो."

"रोज?"

तो कठड्याला टेकला. फोन खिशात घातला. मग म्हणाला, "त्या विचारतात ना ताई, आज काय केलं म्हणून. आणि मग ऐकत बसतात. अख्ख्या बर्लिनमध्ये मला दुसरं कोणी विचारत नाही."

मी त्याच घरात राहत होते. त्याच्या शेजारच्या खोलीत.

"आणि करार?" मी विचारलं.

"तेच तर. फोन थांबवले तर करार राहतो. मग मी खाली जाऊ कशाला?"

ते दोन-तीन दिवस तो घरात नुसता फिरत होता. शेवटी त्याने स्वतःच प्रोफेसरांना जाऊन सांगितलं, की त्या घरातले सगळे बिघाड माझेच होते, युझरचा काही दोष नव्हता. कारण मात्र सांगितलं नाही. "तांत्रिक," एवढंच म्हणाला. प्रोफेसर भडकले, व्हायचं ते बोलणं झालं. ते घर अभ्यासातून वगळायचं ठरलं, उरलेल्या घरांवर त्याला आणखी एक वर्ष मिळालं. यंत्रं तेवढी काढून आणायची होती. तो दुपारी खाली गेला, फ्राऊ लेमानांचा दिवा, पडदे, हायझुंग, सगळं पहिल्यासारखं करून दिलं आणि खोकं घेऊन लगेच परत आला. एवढ्या लवकर तो तिथून कधीच आला नव्हता.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. वाजणार कसा? खाली आता साधा दिवा होता, बटण दाबलं की लागणारा. खोब्रागडे इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसला होता. शर्ट त्याने का घातला हे मी विचारलं नाही. मी कणीक मळली, पोळ्या केल्या, तरी तो तसाच बसलेला.

"अरे, जा ना खाली," मी म्हटलं.

"कारण काय सांगू?"

"कारण कशाला लागतं? चंद्रपूरला शेजाऱ्याकडे जाताना कारण सांगायचास?"

"चंद्रपूरला दार उघडंच असायचं. इथे टेर्मिन लागतो ताई, आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. त्याही बसल्या असतील, मला कशाला बोलवावं म्हणून." त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. "मी उगाच गेलो आणि त्यांना आवडलं नाही तर?"

फ्राऊ लेमानांनी मला सांगू नका म्हटलं होतं. म्हणून मी सांगितलं नाही. नुसती कागदाच्या कचऱ्याची पिशवी उचलली, त्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, मला अंगणात कचरा टाकायचाय, तळमजल्यापर्यंत सोबत चल. तो आला. दारापाशी मी त्याला सोडलं आणि दोन पावलं पुढे जाऊन पिशवीची गाठ सोडण्याचं नाटक करत उभी राहिले.

त्याने बेल वाजवली. दार इतक्या चटकन उघडलं की बाई आतल्या बाजूला उभ्याच असाव्यात. त्यांच्यामागे टेबलावर दोन बशा मांडलेल्या दिसत होत्या.

"फ्राऊ लेमान," खोब्रागडे म्हणाला, "आज काही बिघडलेलं नाही."

"मग आज जरा जास्त वेळ बसा," त्या म्हणाल्या.