टोकाई घर बघायला आली

आमच्या नाशकात हंगेरीची वाइन विकत मिळत नाही. ती आधी घर बघायला येते आणि पसंत पडलं तरच राहते. द्राक्षांच्या गावात राहून परदेशी बाटलीच्या मागे लागायचं, तर एवढं सोसायलाच हवं, असं गंगापूर रोडवरचे दुकानदार बोरस्ते म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

आम्हाला ती हवी होती तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझे सासरे. चोविसाव्या वर्षी ते पंपांचं काम शिकायला बुडापेस्टला गेले, तिथे टोकाई नावाची गोड वाइन प्यायले, आणि तेव्हापासून दर सणाला "ती चव काही औरच" म्हणत माझ्या श्रीखंडाचा अपमान करत आले. आता त्यांना एक्याऐंशी पूर्ण झाली. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "मागतील ते खाऊ-पिऊ द्या." त्याच दिवशी मी दुकान गाठलं.

बोरस्त्यांनी फॉर्म दिला. घर कुठल्या दिशेला, फ्रिज किती दारांचा, पेले काचेचे की स्टीलचे.

"रविवारी दहाला येतील. सोबत मामा असतील," ते म्हणाले. "चीज कापून ठेवा. पोहे नकोत. मागच्या घरी तिला ठसका लागला."

रविवारी टोकाई आली. सोनेरी, लांब मानेची, खांद्यावर जराशी धूळ. सोफ्यावर बसली. मामा सलामी होते, म्हणजे मांसाचं सुकं सॉसेज. आमचं घर शाकाहारी, म्हणून त्यांना गॅलरीत वेताची खुर्ची दिली आणि दार उघडं ठेवलं.

"मुलीला ठेवणार कुठे?" मामांनी तिथूनच विचारलं.

आमच्या ह्यांना हेच हवं होतं. "कुठे म्हणजे? शोकेसमध्ये! फुलासारखी जपू. बुचाला कुणी बोट लावणार नाही. पाहुणे आले की दाखवू."

माणूस खोटं बोलत नव्हता हो. आमच्या लग्नात आलेला डिनर सेट सव्वीस वर्षं खोक्यातच आहे.

टोकाई म्हणाली, "मामा, हे सातवं घर. सगळे हेच सांगतात. ह्यांच्याच वरच्या मजल्यावर, धामण्यांकडे, माझी बहीण अकरा वर्षं उभी आहे. शेजारी प्लास्टिकची द्राक्षं ठेवलीत."

मामा उठायला लागले. तेवढ्यात तात्या बाहेर आले. त्यांना आतच बसा म्हणून बजावलं होतं, पण ऐकतील तर ते तात्या कसले!

"अहो बाई, मी तुम्हाला पिणार," ते म्हणाले. "आजच. जेवणाआधी. थेंब ठेवणार नाही."

"तात्या!" हे ओरडले. "असं तोंडावर सांगतात का कुणी?"

मी कपाळावर हात मारला. झालं, सगळं मुसळ केरात!

"मला घर पसंत आहे," टोकाई म्हणाली.

लगेच यादी झाली. मामा सांगत गेले, हे लिहीत गेले. बाटली आजच उघडावी. बर्फ घालू नये. सोडा घालणाऱ्याशी संबंध राहणार नाही. अर्धी तरी शोकेसला राहू द्या, असं कलम ह्यांनी मध्येच घुसवून पाहिलं. मामांनी खोडायला लावलं. दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

बारा वाजता बूच काढलं. तात्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभे. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही ती नाही," ते म्हणाले. "सत्तावन्न वर्षं वाट पाहिली गं, सूनबाई. ही ती नाही."

मला रडूच कोसळलं. हे यादीत परतीचं कलम शोधायला लागले.

टोकाई अजून पाऊण भरलेली होती. "ती कशी असेन मी?" ती म्हणाली. "तिला तुम्ही पिऊन टाकलंत. मी दुसरी. एका घोटात ओळख होते का कुणाची?"

तात्या असे हसले की मला त्यांची पाठ चोळावी लागली.

"खरं आहे बाई, चुकलंच माझं," म्हणत त्यांनी पेला पुढे केला. "सूनबाई, तूही घे. आणि जेवण तासभर पुढे ढकल."