त्र्यंबकरावांच्या तांबड्या गाडीच्या सीमोल्लंघनाची हकीगत

श्रीगणराय साह्य असोत. लेखणी अडखळली तरी चाक न अडखळो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, अच्युतराव खरवंडीकर नामे गृहस्थांस एक पत्र आले आणि त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. अच्युतराव जन्मभर राज्याचे ग्रंथालय सांभाळून निवृत्त जाहलेले, स्वभावे बहुत भिडस्त, दुकानी साबण मागावयाचा तरी वाक्य घरून जुळवून नेत. पत्र बालमित्र त्र्यंबकराव मोहोळकर यांचे. हे त्र्यंबकराव मोठे शौकीन, तीनशे घोड्यांच्या बळाची तांबडी, बुटकी, दोन दारांची गाडी बाळगून होते, परंतु दृष्टी मंदावली आणि डॉक्टरांनी गाडी हाकणे मना केले, मग त्यांनी ती अच्युतरावांचे स्वाधीन केली आणि बोलिले, "बाराही महिने चालवायची हं. लोक असली गाडी पावसाळ्यात गोधडीत गुंडाळून ठेवतात. तसलं काही करायचं नाही." अच्युतरावांस नाही म्हणणे कधीच साधले नव्हते, सबब त्यांनी किल्ली घेतली. त्यास वर्ष उलटले आणि पत्र आले, ते ऐसे: "अच्युता, घाट चढताना ती गरजायची, तशीच अजून गरजते का रे? सविस्तर लिही, आमची सुमन मला वाचून दाखवील. नुसती पुसत बसला असशील तर तसं सांग, दसरा झाला की पुतण्या येऊन घेऊन जाईल."

हे वाचून अच्युतरावांस घाम फुटला. गाडी बाराही महिने चालविली होती, यात लबाडी नव्हती. आषाढात खड्डा दिसला की ते गाडी थांबवीत आणि उतरून छत्रीची दांडी पाण्यात घालून खोली पाहत, आणि मागील लोक भोंगे वाजवीत तरी त्यांची क्षमा मागून पुन्हा खोली पाहत. पौषात पहाटे गाडी सुरू होताच आळीतली कुत्री उठत, मग शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणोन ते आणि त्यांचे कुटुंब मनोरमाबाई ऐसे दोघे तीनशे घोडे ढकलीत कोपऱ्यापावेतो नेत आणि तेथे सुरू करीत. वैशाखात आसन तव्यासारखे तापे, तेव्हा बाई ओला पंचा अंथरून बसत. आणि आळीच्या तोंडी जो गतिरोधक होता तो तर गडच, गाडीचे पोट त्यास घासे, सबब बाई आधी उतरून वजन हलके करीत आणि पुढे उभ्या राहून सांगत, "आणा, आणा, तिरकी घ्या, आणखी तिरकी, अहो माझ्या अंगावर नको!" इतके सारे खरे, परंतु मोहिमा जाहल्या त्या भाजीबाजार, देऊळ आणि दवाखाना येथवरच, दुसऱ्या गियरच्या वर हात गेला नाही, आणि गाडी घाटात गरजते कशी हे अच्युतरावांनी कधी ऐकलेच नव्हते. खोटे लिहवेना आणि खरे लिहावे तर गाडी जाते, आणि गाडी गेली तर मित्राचे जे एवढे आपल्यापाशी उरले तेही जाते, या विचारे त्यांनी पत्र उशीखाली घातले आणि श्रावण गेला, भाद्रपद गेला.

नवरात्रात त्र्यंबकरावांच्या पुतण्याचा फोन आला. "काका, दसरा झाला की येतो गाडी न्यायला. चालू तरी होते ना?" अच्युतराव "होते की" इतकेच बोलिले आणि त्यांनी फोन ठेविला. मनोरमाबाई डाळ निवडीत होत्या, त्या बोलिल्या, "आता घाटात तुम्ही जाता की मी जाऊ?"

"तुला चालवता येत नाही."

"तुम्हाला तरी कुठे येतं?"

मग विजयादशमीस सीमोल्लंघन घाटमाथ्यावर करावयाचे ठरले. अच्युतरावांनी गाडी धुतली, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेविले, आणि एवढ्या पराक्रमी वाहनास एक हार अपुरा दिसेल ऐसा संशय येऊन झेंडूचे पाच जाड हार आणून गाडीचे पुढील तोंड कानाकोपऱ्यासह मढविले. मग स्वारी निघाली. घाटाचा निम्मा चढ होतो न होतो तोच उष्णतेचा काटा वर चढू लागला, तांबडा दिवा लागला, आणि अच्युतरावांनी गाडी कडेस घेऊन कपाळास हात लाविला. "झालं. मी मोडली त्याची गाडी. मला पहिल्यापासून माहीत होतं." बाई उतरल्या, पुढे जाऊन पाहिले आणि कमरेवर हात ठेविले. "अहो, घोड्याला हार घालतात तो गळ्यात. तुम्ही नाक बांधलंत त्याचं! वारा जाणार कुठून?" ऐसे बोलून त्यांनी पाचही हार उपसून काढिले, त्यातील एक रागे नवऱ्याचे गळ्यात घातला, आणि दोघे दगडावर बसून गाडी निवण्याची वाट पाहू लागले.

काटा खाली आला, पुन्हा निघाले, तो पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा. रस्ता सरळ, समोरून कोणी नाही, तरी अच्युतराव मागेच.

"दाबा!"

"काय दाबू?"

"पायाखाली आहे ते! आणखी काय, माझा गळा?"

अच्युतरावांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि दाबिले. त्यासरशी तीनशे घोडे एकदम उधळले, ट्रॅक्टर मागे कोठे राहिला ते समजले नाही, हाताने तिसरा गियर घातला आणि चौथाही घातला, डोंगराने तो आवाज झेलून परत फेकला, आणि वळणामागून वळण घेत गाडी घाटमाथ्यावर जाऊन थांबली. अच्युतरावांच्या गळ्यातल्या हाराचा नुसता दोरा उरला होता. बाईंनी तेथील टपरीवर चहा सांगितला आणि म्हणाल्या, "केवढ्यानं ओरडत होतात!"

"मी?"

"गाडीपेक्षा मोठ्यानं."

मग अच्युतरावांनी टपरीवाल्याकडून कागद मागितला, तो घरून वाक्य न जुळविता मागितला, आणि लिहावयास बसले. गर्जना लिहिले, खोडले. घनघोष लिहिले, तेही खोडले. जन्मभर शब्दांत राहिलेल्या माणसास एक शब्द मिळेना. अखेरीस लिहिले ते ऐसे: "त्र्यंबका, लिहिता येत नाही. पुढल्या रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून बस, ऐकवायला आणतो. माझ्या शेजारची खुर्ची गाडीत आहेच, वाटलं तर उठून तिच्यात बस. पुतण्याला म्हणावं, येऊ नकोस."

तात्पर्य, वर्षभर गाडीने अच्युतरावांस नेले आणि दसऱ्यास अच्युतरावांनी गाडीस नेले. घाटमाथ्यावरील गावच्या टपालपेटीत पत्र पडले, ते नीट पडले की नाही हे त्यांनी फटीतून वाकून दोनदा पाहिले, आणि बाईंनी हाक मारिली तेव्हा कोठे ते गाडीत बसले.